वळिवड्याचा मग

सकाळी व्हिडिओ कॉलवर वॉर्सातला भाचा सहज बोलून गेला, "मामा, बेलारूसच्या बॉर्डरवर येतात ते निर्वासित नाहीत. सिक्युरिटी थ्रेट आहे तो. हायब्रिड वॉर, सैन्याऐवजी माणसं पाठवून केलेलं." पोरगं वाईट नाही. पण हे शब्द त्याचे नाहीत, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

याची पणजी, म्हणजे माझी आजी, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. 1943 ते 1948 तिथं पोलंडच्या निर्वासितांचा कँप होता, पाच हजारांच्या आसपास माणसं. स्टालिननं घरातून उचलून सायबेरियात टाकलेली, तिथून इराणमार्गे इकडं आलेली. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, वडिलांबरोबर कँपात दूध घालायला जायची. एक बाई रोज निळ्या काठाचा पांढरा मग घासूनपुसून आणायची. दूध ओतताना मापाकडं बघायची नाही, माझ्या पणजोबांच्या तोंडाकडं बघायची. रागावलाय का, परत पाठवतोय का. आजीला अजून तेवढंच आठवतं.

आता त्याच पोलंडचं सीमा रक्षक दल एक्सवर आकडे टाकतं: बेकायदा सीमा ओलांडण्याचे इतके प्रयत्न. माणसं नाहीत, प्रयत्न! एकच पोरगा तीनदा आला तर तीन प्रयत्न. त्याला जंगलात परत ढकलायचं, तो पुन्हा आला की आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा दाखवून आणखी कॅमेरे, आणखी सैन्य मागायचं. 186 किलोमीटरचं कुंपण झालं, साडेपाच मीटर उंच. मार्च 2025 मध्ये त्या सीमेवर, थोडे अपवाद सोडले तर, आश्रयाचे अर्ज घेणंच थांबवलं. साठ दिवसांसाठी म्हणाले, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. युरोपियन युनियनच्या बाहेरच्या सीमा सांभाळायला मदत करणाऱ्या फ्रॉन्टेक्स या संस्थेचं मुख्यालयही वॉर्सातच. तिच्या एका वार्षिक अहवालाचं नावच 'जोखीम विश्लेषण'. जीव वाचवायला पळालेलं माणूस आधी जोखीम ठरवायचं, मग त्याचं काहीही करायला मोकळे.

बेलारूसचा राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को माणसं मुद्दाम कुंपणाकडं हाकतो, मान्य. 2024 मध्ये कुंपणातून भोसकलेला तरुण पोलिश सैनिक गेला, त्याच्या आईपुढं मी काय बोलणार. पण एकाच्या चाकूसाठी जवळपास सगळ्यांचा अर्ज बंद? हाकणारा एक, आणि हत्यार म्हणायचं हाकलल्या गेलेल्यांना?

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. पोलिश माणसं निर्दय नाहीत. 2022 मध्ये युक्रेनच्या लाखो लोकांना त्यांनी घरात घेतलं, स्टेशनवर गरम सूप घेऊन उभी राहिली. म्हणून तर जास्त लागतं.

आणि हो, वळिवड्याला सोय ब्रिटिशांनी केली, खर्च पोलंडच्या सरकारनं दिला, हेही ठाऊक आहे. पण दूध घालणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं की ही जोखीम आहे. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आज आपण तिथं, गांधीनगरात, कापड घ्यायला जातो. त्या पोलिश लोकांतल्या कितीतरी जणांची गावं आज बेलारूसमध्ये आहेत. कुंपणाच्या पलीकडं! हे भाच्याला सांगितलं, तर गप्प बसला.

कँप उठला तेव्हा त्या बाईनं मग आजीला दिला. काठाचा टवका उडालाय, पण आजी अजून त्यानंच ज्वारीचं पीठ मापते. दुपारी तिला विचारलं, त्या बाईचं नाव काय गं?

"नाव कुणाला ठावं? अच्छेर न्यायची बग रोज."