‘गाठीला सुई लावू देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘कॅन्सरच्या गाठीला सुई लावली की तो अंगभर पसरतो. काढलेला तुकडा हॉस्पिटलं परदेशी कंपन्यांना कोटींना विकतात. संशोधनाच्या कागदावर सही केलीत तर प्रयोग तुमच्यावरच होतील. आणि देहाचा भाग मागे राहिला तर मुक्ती नाही.’ गुहागर-दापोलीकडच्या वाड्यांच्या ग्रुपवर हा मेसेज सध्या फिरतोय. आता तो माझ्या वहिनींपर्यंत पोचलाय. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली, आता यकृतात डाग दिसलेत. मुंबईच्या डॉक्टरांनी तिथली बायोप्सी, म्हणजे सुईनं छोटा तुकडा काढून तपासणी, सांगितली आणि उरलेला तुकडा संशोधनाला द्याल का, असंही विचारलं. वहिनी म्हणतात, “भाऊजी, सुई नको. आहे तेवढंच राहू दे.”

आधी सुईचंच घेतो, कारण जिवावर बेतणारा मुद्दा तोच आहे. वहिनींच्या यकृताला अजून कुणी सुई लावलेली नाही, तरी कॅन्सर तिथं पोचलाच ना? तो रक्तातून आणि लसिकेतून जातो. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी कित्येकदा ऑपरेशनच्या आधीच बाहेर पडलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं गप्प बसतात. यात अर्धं खरं आहे ते एवढंच, की वृषणाच्या गाठीसारख्या मोजक्या ठिकाणी डॉक्टर मुद्दाम सुई टाळतात, आणि स्तनातही सुईच्या वाटेवर कधीकधी काही पेशी सांडलेल्या आढळतात. त्यामुळे रोग अंगभर पसरतो असं मात्र दिसलेलं नाही. यकृताच्या बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात आणि नंतर काही तास झोपवून ठेवतात.

आणि सुई लावलीच नाही तर? पसरलेली गाठ मूळ गाठीसारखीच असेल असं नाही. वहिनींचा जुना रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह होता, म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोनला धरणारा रिसेप्टर होता, म्हणून त्या हार्मोनला पेशींत अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी दिली. नव्या गाठीत ईआर उरला नसेल तर अशा हार्मोन अडवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होणार नाही. उलट हर-टू (पेशींची वाढ चेतवणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह आला तर ट्रास्टुझुमॅबसारखं औषध देता येईल. तपासणी न करता औषध द्यायचं म्हणजे जुन्या कागदावर अंदाज बांधणं. मेसेज पुढे ढकलणारे वहिनींची ही संधी घालवतायत, याची त्यांना कल्पना तरी आहे का?

कोटींचा तो तुकडा असतो केवढा? धाग्याएवढा, एक-दोन सेंटिमीटर लांब. फॉर्मॅलिनमधून, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणातून, काढून मेणात बसवतात. प्लॅस्टिकच्या चौकटीतला, नंबर घातलेला तो ब्लॉक पिशवीत घालून परळला टाटा हॉस्पिटलात नेणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्याच्या चकत्या आधी रोग्याच्या निदानासाठी कापतात, उरलं तरच संशोधनाला.

नमुने परदेशात जातात, हे मान्य. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सर झालेल्या बाईंच्या पेशी न विचारता घेतल्या आणि पुढे कंपन्यांनी त्यावर पैसा केला, हेही खरं. पण आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की नमुन्याची मालकी देणाऱ्याचीच, बायोबँक, म्हणजे नमुने साठवणारी संस्था, फक्त सांभाळणारी, आणि दिलेला नमुना मागेही घेता येतो. संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते, संमतीपत्रही आपल्याला कळणाऱ्या भाषेत हवं.

तुकडा देणं म्हणजे औषधाच्या चाचणीत नाव घालणं नव्हे. त्याची संमती वेगळी. नाही म्हटलं तरी उपचार तेच. मुक्तीचं म्हणाल तर वहिनींच्या सासूबाईंचं गर्भाशय काढलं होतं. त्यांचं दिवसकार्य यथासांग झालं, गुरुजींनी कसलीही शंका काढली नाही.

‘आता पसरल्यावर संशोधन करून काय उपयोग?’ असंही एकानं खाली लिहिलंय. त्याचा मला सगळ्यात राग आला. स्तनाच्या कॅन्सरनं बायका जातात त्या मुख्यतः तो पसरल्यामुळे, आणि नेमक्या त्याच गाठी प्रयोगशाळेत कमी पोचतात. स्तनातली गाठ ऑपरेशननं निघते. यकृतातली, हाडातली, मेंदूतली सहसा काढतच नाहीत. १९७० साली मिशिगनमधल्या सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस या ननच्या छातीत, पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमुळे, पाणी साठलं होतं. त्या पाण्यातल्या पेशी वाढवून एमसीएफ-७ हा पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी, तयार झाला. टॅमॉक्सिफेन पेशींवर कसं काम करतं हे कळण्यात त्याचा मोठा वाटा आहे. तीच गोळी वहिनींनी वर्षानुवर्षं घेतली. शिवाय आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर हे हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू तिन्ही नसलेल्या) प्रकाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. त्याचा अभ्यास फक्त तिकडच्या बायकांच्या गाठींवर कसा होणार? टाटा मेमोरियलमध्ये राष्ट्रीय पातळीवरचं ट्यूमर टिश्यूचं भांडार आहे, ते यासाठीच.

संशोधनाला हो म्हणायचं की नाही, ते वहिनी ठरवतील. दादांनी किंवा मी नाही. सहीआधी कागद मराठीत मागायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: उरलेलाच तुकडा घेणार की जास्तीची सुई मारणार, नाव झाकणार का, आणि नमुना परदेशात जाणार का. बायोप्सी मात्र ठरल्या तारखेलाच करायची.