सेफवर्ड ठरवून भागत नाही

लैंगिक सुखासाठी एकमेकांच्या मर्जीने बांधणं, गळा दाबणं अशा प्रकारांवरचा तुमचा लेख वाचला. संमती दर वेळी नव्याने घ्यायची आणि ती मधेच मागेही घेता येते, हे त्यात स्वच्छ मांडलंय, त्याबद्दल आभार. पण ‘सेफवर्ड ठरला की बाकी दोघांची मर्जी’ हे वाक्य मला पटलं नाही. सेफवर्ड म्हणजे सगळं थांबवायला आधी ठरवलेला शब्द; तोंडात बोळा असेल तर तो फुटणार कसा? अशा वेळी हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा; तो खाली पडला की सगळं तिथेच थांबवायचं. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून पाणी आणायलासुद्धा जाऊ नये. दंडाच्या बाहेरच्या बाजूला रेडियल नर्व्ह (मनगट आणि बोटं वर उचलणारा मज्जातंतू) हाडालगत जाते. तिच्यावर दोरीचा दाब आला की मनगट लुळं पडू शकतं, कधी कधी आठवडेच्या आठवडे. हाताला मुंग्या आल्या, बोटं वर उचलेनात, तर गाठी सोडवत बसू नका. बोथट टोकाच्या कात्रीने दोरी सरळ कापा. ती कात्री आधीच हाताशी हवी, स्वयंपाकघरात नव्हे.

गळा दाबण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: नकोच. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की काही सेकंदांत शुद्ध हरपते. मग ‘थांब’ म्हणणार कोण? इंग्लंडमध्ये २०२१ च्या घरगुती अत्याचारविरोधी कायद्याने लैंगिक सुखासाठी केलेल्या गंभीर इजेला ‘तिची संमती होती’ हा बचाव उरू दिला नाही. आपल्याकडेही संमती होती म्हणून जबर दुखापत माफ होत नाही. लेखात या कायद्याचा उल्लेख यायला हवा होता, कारण नव्याने या वाटेला जाणारी जोडपी असेच लेख वाचून ठरवतात.