जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरून चालणाऱ्यांसाठी

पुणे-मुंबई रस्ता म्हटले की आता सर्वांच्या डोळ्यांसमोर एक्स्प्रेसवेच येतो. त्यावरची कोंडी, टोल, बोगदे, घाटाला पर्याय म्हणून आखलेली मिसिंग लिंक यांवर आपण भरभरून लिहितो. मी मात्र आज जुन्या महामार्गाविषयी लिहिणार आहे, कारण २२ वर्षे मी निगडीहून कामशेतजवळच्या एका शाळेत शिकवायला दुचाकीने गेले आणि दुचाकीला त्या दिशेने जायला दुसरा रस्ता तेव्हाही नव्हता, आजही नाही.

या वाटेचे महत्त्व बोरघाटामुळे आहे. मुंबईहून निघालेली इंग्रज फौज हाच घाट चढून आली, तिला मराठ्यांनी १७७९ मध्ये तळेगाव-वडगावच्या परिसरात कोंडले आणि वडगावचा तह करायला लावला. पेशवाई संपल्यानंतर मात्र इंग्रजांनी पहिल्या काही कामांत हाच घाट हाती घेतला. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाड्या जाऊ शकतील असा रस्ता घाटातून सुरू झाला. त्याच वर्षाचा, पुढे अमृतांजन पूल या नावाने ओळखला गेलेला पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, कारण त्याच्या खांबांमुळे खालचा रस्ता आवळला जात होता. घाटातून रेल्वे गेली ती १८६३ मध्ये. ती वाट शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने दाखवली, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. जुन्या घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी क्षणभर थांबवून हात जोडणारे चालक मी कितीदा तरी पाहिले आहेत. कागदोपत्री पुरावा काय आहे हा प्रश्न वेगळा. मला त्या कथेत एवढेच महत्त्वाचे वाटते की, या मार्गाचा पहिला जाणकार म्हणून लोकांनी डोंगरात राहणाऱ्या माणसाला लक्षात ठेवले.

एक्स्प्रेसवे आवश्यक होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तो उभारला. किवळे ते कळंबोली असा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सहापदरी काँक्रीट मार्ग २००० पासून टप्प्याटप्प्याने खुला होत २००२ मध्ये पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावरची अवजड वाहतूक पुष्कळ कमी झाली. तो सुरू झाल्यानंतर सकाळी देहूरोडपासून पुढे मला मोकळा श्वास घेता येऊ लागला, हे मी कृतज्ञतेने नोंदवते.

परंतु त्याच वेळी एक विभागणी झाली. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस यांना एक्स्प्रेसवेवर मज्जाव आहे. वेगाच्या दृष्टीने तो नियम योग्यच आहे. मात्र ज्यांना तेथे प्रवेश नाही, ते सर्वजण जुन्या महामार्गावर आले आणि तो रस्ताही चौपदरी होऊन वेगवान झाला. तळेगाव, वडगाव, साते, कान्हे, कामशेत, कार्ला ही गावे या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत. घर एका बाजूला आणि शाळा, दवाखाना, रेल्वे स्टेशन किंवा शेत दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती असलेल्या माणसाला दिवसातून चार वेळा चार पदर ओलांडावे लागतात. आमच्या शाळेची मुले सुटल्यावर आम्ही शिक्षक आळीपाळीने दुभाजकापाशी उभे राहत असू. पादचारी पुलासाठी दिलेल्या अर्जांना संबंधित कार्यालयाकडून ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असे उत्तर येत राहिले. त्या अर्जांवर ज्यांचे अंगठे होते त्यांतल्या काही आजी आज हयात नाहीत.

२०२१ च्या कार्तिकीत खालापूर भागातून आळंदीला निघालेल्या दिंडीत साते गावाजवळ एक पिकअप शिरला आणि वारकरी महिलांचे प्राण गेले. पहाटेची वेळ होती. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतल्या दिंड्या दरवर्षी याच काळात, याच रस्त्याने घाट चढून येतात. तारीख पंचांगात असते. असे असताना त्या काही दिवसांपुरती एक मार्गिका अडथळे लावून पायी चालणाऱ्यांसाठी राखणे आणि पहाटे गस्त ठेवणे अवघड का असावे, हे मला खरोखर समजत नाही.

पैशाचे कारण सांगितले जाईल म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देते. २००४ मध्ये टोलवसुलीचा जो १५ वर्षांचा करार झाला, त्यात एक्स्प्रेसवे आणि जुना महामार्ग हे दोन्ही एकत्र होते आणि त्यापोटी ९१८ कोटी रुपये शासनाच्या महामंडळाला आगाऊ मिळाले. दोन्ही रस्ते वसुलीसाठी एक मानले गेले, तर सुरक्षिततेसाठीही एक मानले पाहिजेत.

मिसिंग लिंकची गरजही या दोन रस्त्यांच्या गुंत्यातूनच निर्माण झाली. एक्स्प्रेसवेचे सहा पदर आणि जुन्या रस्त्याचे चार पदर आडोशी ते खंडाळा या टप्प्यात एकत्र येतात, म्हणजे दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत शिरते. म्हणून खोपोली ते कुसगाव असा १३.३ किलोमीटरचा वेगळा मार्ग आखण्यात आला. त्यात दोन बोगदे आहेत आणि मोठ्या बोगद्याची लांबी जवळपास ९ किलोमीटर आहे. अंतर सुमारे ६ किलोमीटरने कमी होईल, याची चर्चा सर्वत्र आहे. मला त्याहून मोठा वाटणारा लाभ असा की, जलद वाहने त्या मार्गाने गेली की जुन्या घाटाचा टप्पा बऱ्याच अंशी रिकामा होतो. ही मोकळी झालेली जागा पुन्हा वेगासाठी वापरायची, की तिच्यातून दुचाकीस्वार आणि पायी चालणारे यांच्यासाठी स्वतंत्र, कठड्याने वेगळी केलेली पट्टी काढायची, याचा निर्णय आधीच व्हायला हवा. वाहने एकदा तेथे रुळली की ती पट्टी मागून मिळणार नाही.

घाटाखेरीज माझ्या मागण्या साध्या आहेत. वस्ती आहे तेथे सलग सेवारस्ता हवा, शाळेसमोर भुयारी मार्ग हवा आणि तो पावसाळ्यात तुंबणार नाही असा हवा, आणि फाट्यांवर दिवे हवेत. पादचारी पुलापेक्षा भुयारी मार्गाचा आग्रह मी धरते, कारण डोक्यावर भारा घेतलेली बाई दोन जिने चढत नाही, ती दुभाजक ओलांडते.

या मागण्यांचे एक निवेदन मी आणि काही निवृत्त सहकारी तयार करत आहोत. मावळातील वाचकांनी आपल्या गावाजवळ लोक रस्ता नेमका कोठून ओलांडतात ती जागा, जवळचा किलोमीटरचा दगड आणि गर्दीची वेळ एवढे खाली लिहावे. जागांची यादी गावकऱ्यांकडून आली, तर ती जागेवर जाऊन तपासून निवेदनाला जोडता येईल.