97 टक्क्यांवर अडकलेली बाई

बास झालं आता. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, डोक्यावर इरलं घेतल्यासारखी ओढणी घेऊन मी गावाच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी आहे. का, तर इथंच रेंजच्या दोन काड्या येतात! शिक्षकांच्या ऑनलाईन प्रशिक्षणाचा व्हिडिओ 97 टक्क्यांवर अडकलाय. पुढं सरकवता येत नाही, बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. कालही हेच, परवाही हेच.

गगनबावडा तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा आमची. पहिली ते चौथी, 23 पोरं. इथला पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. जुलैत लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. आणि नेमकी मुदत जुलैतच! ग्रुपवर सकाळपासून मेसेजवर मेसेज: "अपूर्ण शिक्षकांची यादी सोबत जोडली आहे, आजच्या आज पूर्ण करा." यादीत तालुक्यातल्या सगळ्यांसमोर माझं नाव. वीस वर्षं नोकरी झाली, पण या यादीत नाव बघून चोरी केल्यासारखं वाटतं.

परवा दुसरे सर केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत, मीटिंगला गेले, चारही वर्ग माझ्याकडं. दुपारी जरा रेंज आली म्हणून मोबाईल खिडकीत लावला. तिसरीतली एक पोरगी वही घेऊन आली. 42 वजा 17, उत्तर 35. सातातून दोन वजा केले होते तिनं, लहान अंक मोठ्यातून जातो एवढंच तिला ठाऊक. तिला हातचा समजवायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "थांब गं बाळ, एवढं होऊ दे." ती वही छातीशी धरून उभी राहिली, मग जागेवर जाऊन बसली. व्हिडिओ कशावर होता? मुलांकडं वैयक्तिक लक्ष कसं द्यावं, यावर. अजून आतून जळतंय.

आणि शेवटची ती चाचणी! चार पर्याय, निम्म्या प्रश्नांचं उत्तर "वरील सर्व". चाचणी सुरू व्हायच्या आधी उत्तरांची पीडीएफ ग्रुपवर फिरते. व्हिडिओ लावून मोबाईल कपाटात ठेवणाऱ्याला प्रमाणपत्र, आणि मन लावून बघणारा यादीत.

शिकायला माझी ना नाही, हे नीट ऐका. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास शिकावं असं म्हटलंय. शंभर करा, मी येते. हातच्याची वजाबाकी मी स्वतः नीट शिकवायला शिकले ती आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत. शेजारच्या शाळेतल्या एका गुरुजींनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणले होते. आमच्या समोर एका गठ्ठ्याचं रबर काढलं, दहा काड्या सुट्ट्यांत ओतल्या, "आता द्या सात" म्हणाले. झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात चाललं. अडलं तेव्हा फोन करून विचारलं. व्हिडिओला काय विचारू? 1986 च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, निघाल्या त्या शिक्षकाला जवळच, माणसांकडून शिकायला मिळावं म्हणूनच ना?

ऑनलाईनच पाहिजे तर व्हिडिओ डाउनलोड करून बघायची सोय द्या. बघितलेलं मोबाईलमध्येच साठू दे, रेंज आली की जाईल वर. मुदत दिवाळीनंतरची ठेवा. आणि शाळेच्या वेळेत लिंक पाठवायची पहिली बंद करा. यातलं काय अवघड आहे?

आत्ताच मेसेज आलाय. प्रशिक्षण अपूर्ण ठेवल्याबद्दल उद्या लेखी खुलासा द्यायचा. तोही लिंकवर अपलोड करायचा.

खुलासा कशाचा देऊ? पाऊस पडला याचा? त्या पोरीची वजाबाकी अजून तशीच राहिलीय, तिचा खुलासा माझ्याकडं कुणी मागितला नाही.