समुपदेशक नेमका कुणाचा?

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रकल्प सुरू आहे, असे म्हणण्यापेक्षा त्याविषयीच्या बैठका सुरू आहेत, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. आमचे घोडे मात्र तो मानसशास्त्र विभागाचा की विद्यार्थी विकास विभागाचा, इथेच अडले आहे. मानधनाचे लेखाशीर्ष ठरेपर्यंत फाइल हलणार नाही, असे लेखा विभाग सांगतो, आणि ते ठरवायला पुन्हा बैठक. समुपदेशनासाठी सुचवलेल्या खोलीत परीक्षा विभागाने जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत रचून ठेवले आहेत, आणि ते हलवण्याची परवानगी ज्यांच्या हातात आहे ते साहेब बैठकीला कधीच नसतात. त्यांचा प्रतिनिधी येतो, तर्री-पोहे संपवतो आणि ‘वर विचारून सांगतो’ म्हणून निघून जातो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहात लावणे हे तर अर्ध्या तासाचे काम, पण भित्तिपत्रकावर कोणत्या विभागाचे नाव वर असावे, यावर मागची अख्खी बैठक खर्ची पडली. (तीही नागपूरच्या मे महिन्यात, कूलर बंद असताना, हे मुद्दाम नोंदवते.) पुढची बैठक सर्वांच्या सोयीसाठी परीक्षा आटोपल्यावर ठेवली आहे, म्हणजे मुलांना बोलायला कुणीतरी हवे असते, नेमके तेच दिवस वगळून.