टार्गेट झालं, आता पासपोर्ट उघडू नका

सर्वप्रथम अभिनंदन, भाऊसाहेब. कपाशीचं बियाणं, बोंडअळीचं औषध आणि प्रत्येक बिलात न मागता घुसवलेलं टॉनिक, या तिन्हींच्या जोरावर तुम्ही कंपनीचं विक्रीचं टार्गेट मारलंत आणि स्कीमचं बक्षीस म्हणून निघणाऱ्या सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझच्या यादीत तुमच्या कृषी केंद्राचं नाव लागलं. थोडं श्रेय गुलाबी बोंडअळीलाही द्या, तिनं यंदा जीव तोडून काम केलं. ज्यांच्या फवारण्यांवर ही सफर निघाली, त्या शेतकऱ्यांना सोबत नेण्याची प्रथा नाही. त्यांची उधारी अजून वहीत आहे, आणि उधारीवाला माणूस डेकवर शोभत नाही.

खाऱ्या पाण्याचं तुम्हाला अप्रूप नसणारच. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ते विहिरीलाच लागतं. पण तरंगतं हॉटेल वेगळं. तेव्हा तयारीला लागा. गॉगल घ्या, अर्ध्या चड्ड्या घ्या, चिवडा, ठेचा, लोणचं बांधून घ्या. पासपोर्टकडे मात्र अजिबात बघू नका.

तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे, तेवढं पुरे. कपाटाच्या लॉकरमध्ये, सातबारा आणि खरेदीखताच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मागे कधीतरी थायलंडची स्कीम लागेल अशी हवा झाली होती, तेव्हा काढून ठेवलेला. ‘दहा वर्षांचा असतो’ एवढं डोक्यात पक्कं आहे. तो कोणत्या साली काढला, हा बारीकसारीक प्रश्न. दुकानातल्या पोराला तुम्ही रोज दटावता, ‘जुना माल पुढे मांड, तारीख पाहून दे’. औषधाच्या डब्यावरची तारीख तुम्ही चष्म्याशिवाय वाचता, तारीख गेलेला माल कंपनीला परत कसा लावायचा हेही तुम्हाला पाठ आहे. पण दुकानाची शिस्त घरात कशाला आणायची?

शिवाय तारखांचा तुमचा अनुभव दांडगा. बियाण्याच्या पिशवीची मुदत चाचणीपासून नऊ महिने. ती संपली तरी उगवण पुन्हा तपासून घेतली आणि नियमात बसली, तर आणखी सहा महिने मिळतात. तारखेच्या पुढेही थोडी जागा असते, हे तुमचं शास्त्र. पासपोर्टच्या दुनियेत तेच सहा महिने उलटे चालतात. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, तुमच्या सफरीतले तिन्ही देश पासपोर्टला किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे पासपोर्टवर सप्टेंबर छापलेला असेल, तर या फिरतीपुरता तो मार्चमध्येच आटोपला. छापलेल्या तारखेआधीच माल बाद, असा धंदा आपल्याकडे कोणी केला असता तर कृषी अधिकाऱ्यानं दुकानाला सील ठोकलं असतं.

हा नियम कुणी सांगायला लागलं, तर त्याला अडवा. म्हणा, ‘तारीख त बाकी हाय ना भाऊ, मंग काहून चालत नाही?’ प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असं की परदेशात गेलेला माणूस आजारी पडतो, अडकतो, विमान चुकतं, आणि संपलेल्या पासपोर्टचा पाहुणा कोणत्याच सरकारला नको असतो. पण उत्तर ऐकायला थांबायचं नाही.

युरोपची स्कीम लागलेल्या तुमच्या व्याह्याला विचारू नका, तो आणखी घोळ घालील. तिकडे शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांचा, हिशेब निराळा. परत निघण्याच्या तारखेपुढे तीन महिने शिल्लक हवेत, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. तो तीन महिने सांगील, तुम्ही खूश व्हाल, आणि सिंगापूरवाला सहावरच अडून बसेल.

मोजायचं कुठून, हा आणखी एक मजेदार भाग. देश सहसा पाऊल ठेवल्याच्या दिवसापासून मोजतात, तर बऱ्याच क्रूझ कंपन्या सफर संपल्याच्या दिवसापासून. तुम्ही तिसरी पद्धत वापरा. टूर जाहीर झाल्याच्या दिवसापासून मोजा, म्हणजे हिशेब हमखास बसतो. आणि ‘मी फुकेतले उतरतच नाही, जहाजावरच झोपतो’ हा तोडगा कुणी सुचवला, तर उचलून धरा. जहाज ज्या-ज्या बंदराला लागणार तिथले सगळे नियम खोलीत घोरणाऱ्यालाही लागू असतात, हे जहाजवाल्यांना कळतं, तुम्हाला कशाला कळायला हवं? सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच यायचं, म्हणजे त्या देशात दोनदा शिरणं आलं, म्हणून व्हिसाही मल्टिपल एन्ट्रीचा लागतो. हे एजंटवर सोडा. तो सगळं बघतो असं तो स्वतःच सांगतो.

वहिनींचा पासपोर्ट माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, तिकीट एजंटानं लाडानं लिहिलेल्या तिसऱ्याच स्पेलिंगनं. चालू द्या, नातं तर एकच आहे. मुलाचा पासपोर्ट तुमच्यासोबतच काढला होता, म्हणून त्याचीही दहा वर्षं धरून चला. लहान मुलांचा पाच वर्षांतच संपतो, हे पोराला जहाजाचे फोटो दाखवून झाल्यावर कळलेलं बरं.

आता कोणी शहाणा म्हणेल, आधीच नवा करून घ्या. त्याचं बोलणं तोडू नका, फक्त मनावर घेऊ नका. कारण ‘रिन्यू’ म्हणजे जुन्यावर शिक्का मारून देतात असं आपण समजतो. तसं होत नाही. मोठ्या माणसाला नवीच पुस्तिका मिळते, नव्या नंबराची, पुन्हा दहा वर्षांची. मुदत संपायला वर्ष उरलं की अर्ज करता येतो. ३६ पानांची फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. म्हणजे टॉनिकच्या दोन-चार बाटल्यांची बात. बियाण्याच्या एका पार्टीवर याहून जास्त उडवता, पण सरकारला पैसे देताना हात आखडतो तो आखडतोच.

आणि खटपट किती! विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला. २०१७ पासून डाकघरांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली, त्यामुळे दर खेपेला नागपूर गाठायला नको. तरी अपॉइंटमेंट घ्यावीच लागते. मग जन्मतारीख. तुमचा जन्म गुरुजींनी पहिलीत घालताना ठरवला, १ जून, वर्गातल्या निम्म्या पोरांसारखाच. टीसीवर १ जून, आधारवर मोतीबिंदूच्या शिबिरात कुणीतरी टाकलेली दुसरीच. त्यात आधारचा पत्ता गावचा आणि राहणं तालुक्याला. पडताळणीला आलेला शिपाई गावात जातो, पारावर चौकशी करतो, ‘ते तर इथं पोळ्यालेच येतात’ असं ऐकून परत फिरतो, आणि अहवाल प्रतिकूल जातो. एवढी दगदग कशाला? चिप बसवलेल्या ई-पासपोर्टच्या चाचणीसाठी २०२४ मध्ये पहिल्याच फळीत नागपूरचं कार्यालय निवडलं होतं, याचा अभिमान मात्र जरूर बाळगा. चिपमुळे तारीख लांबत नाही, पण अभिमानाला तारीख नसते.

खरा रंग टूर पुढे ढकलली की चढतो. डिसेंबरची फेब्रुवारीत जाते, कारण कंपनीला आधी वसुली हवी. व्हिसा मात्र नोव्हेंबरमध्येच लागलेला. तेव्हा सहा महिने भरत होते, आता भरत नाहीत. व्हिसा हातात असल्यामुळे तुम्ही निर्धास्त. विदर्भ एक्स्प्रेसला अख्खा डबा आपलाच. बडनेऱ्यापासून पत्ते सुरू, भुसावळपर्यंत चिवडा संपलेला. सकाळी मुंबई, तिथून विमानतळ.

काउंटरवर मुलगी पासपोर्ट घेते. पान उलटते. स्क्रीन बघते, पुन्हा पान बघते. बोटानं महिने मोजते, तेही तुमच्यासमोर, एक-दोन-तीन-चार. पाचव्यावर थांबते. अशा प्रवाशाला नेलं तर दंड विमान कंपनीला बसतो, त्यामुळे तिच्याकडे दयामाया नसते, फक्त ‘सर’ असतं. तुम्ही सेल्स ऑफिसरला फोन लावता, तो एजंटला लावतो, एजंट ‘मी तर ग्रुपवर मेसेज टाकला होता’ म्हणतो. त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचे गुलाब इतके की मेसेज सापडत नाही. शेवटचं हत्यार म्हणून आधार कार्ड काढा. तीही पद्धत आहे.

तेच आधार गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या क्रूझला चाललं असतं. जहाज देशाबाहेर जात नसेल तर भारतीयाला पासपोर्टची गरजच नसते, लक्षद्वीपला परवाना तेवढा लागतो. पण गोव्याच्या बोटीचा फोटो दुकानात कोण लावतो?

तरी एक धोका उरतोच. एखादा कर्तव्यदक्ष एजंट व्हिसाच्या वेळीच फोन करून ‘साहेब, सहा महिने भरत नाहीत, तत्काळ काढून घ्या’ असं सांगू शकतो. त्याचा फोन उचलू नका, हंगाम आहे, गर्दी आहे. नुकसान काहीच होत नाही, कंपनी जागा वाया जाऊ देत नाही. तुमच्या केबिनमध्ये सेल्स ऑफिसरचा मेहुणा जातो. त्याचं दुकान नाही, त्याला कपाशी आणि अंबाडी ओळखता येत नाही, पण पासपोर्ट गेल्याच वर्षी काढलेला आहे. तुम्हाला कंपनीकडून छत्री आणि पुढच्या हंगामाचं टार्गेट मिळतं, वीस टक्के वाढवून.