किलोओहम, चाव्या आणि भुणभुण : इलेक्ट्रिक गिटारीविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

मराठवाड्यातील हौशी आणि व्यावसायिक गिटारवादकांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. ‘स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घ्या, तिचे पिकअप (तारेच्या कंपाचे विद्युत्संकेत करणारा भाग), ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) आणि चाव्या (तारा ताणण्याच्या खुंट्या) बदला, ती लाखाच्या गिटारीसारखी वाजेल,’ असा त्याचा गाभा आहे. त्याला पाच विधाने जोडलेली असतात : ज्या पिकअपचे किलोओहम (विद्युत्‌रोधाचे माप) जास्त तो चांगला, सिरॅमिक चुंबक टाकाऊ आणि अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे) अस्सल, पिकअप बदलला की भुणभुण जाते, गिटार सुरात राहत नसेल तर चाव्या बदलाव्यात, आणि सुटे भाग कोणत्याही गिटारीला बसतात. नांदेड, परभणी, लातूरकडे ऑर्केस्ट्रात वाजवू लागलेली मुले यावर विसंबून गिटारीच्या किमतीइतकाच खर्च सुट्या भागांवर करतात, म्हणून ही विधाने तपासणे आवश्यक वाटते.

किलोओहमचा गैरसमज सर्वांत पक्का आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विद्युत्दाब निर्माण होतो. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. मल्टिमीटरवर दिसणारा आकडा मात्र या दाबाचा नसून केवळ तांब्याच्या तारेच्या रोधाचा असतो. तितकेच वेढे अधिक बारीक तारेने घातले तर रोध वाढतो, पण आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. आणि चुंबक किती बलवान आहे हे तर मीटरला कळतच नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. परभणीच्या कडाक्याच्या थंडीत, १० अंशांवर, जो पिकअप ८ किलोओहम दाखवतो, तोच मे महिन्यात ४२ अंशांवर ९ किलोओहम दाखवील. उन्हाळ्यात पिकअप चांगला होतो असे या सल्ल्याचे कर्तेही म्हणणार नाहीत. एकाच जातीचे, एकाच तारेचे दोन पिकअप शेजारी ठेवून पाहताना हा आकडा उपयोगी पडतो, त्यापलीकडे नाही.

वेढे खरोखरच वाढवले तर आवाज जोरकस होतो हे मान्य आहे, परंतु त्याबरोबर कॉइलचे, म्हणजे वेढ्यांच्या गुंडाळीचे, इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वाढते आणि वरच्या पट्टीतील खुलेपणा कमी होतो. हिंदी-मराठी गाण्यांमागे स्वच्छ कॉर्ड वाजवणाऱ्याला असा पिकअप सोयीचा होण्याऐवजी अडचणीचाच ठरतो, कारण कीबोर्ड आणि ढोलकीच्या गर्दीत गिटारीला जी जागा मिळते ती त्या वरच्या पट्टीतच मिळते. आवाज बोथट वाटत असेल तर आधी व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) पाहावा. एकाच कॉइलच्या पिकअपला, म्हणजे सिंगल कॉइलला, साधारणपणे २५० किलोओहमचा आणि दोन कॉइलच्या हंबकरला ५०० किलोओहमचा पॉट लावण्याची रीत आहे. हंबकरला २५० चा लावलेला असेल तर तो दबलेला वाटणारच. पिकअपची उंची तर एका स्क्रूड्रायव्हरने, एक रुपयाही खर्च न करता बदलता येते. सिंगल कॉइलचे चुंबक तारांच्या फार जवळ आणले की तारा ओढल्या जातात आणि वरच्या फ्रेटवर (दांड्यावरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर डळमळू लागतो. हा दोष ‘खराब पिकअप’ म्हणून खपवला जाताना पुष्कळदा दिसतो.

सिरॅमिकविषयीच्या विधानाला एकच दाखला पुरेसा आहे. बदलून बसवण्यासाठी म्हणून विकल्या गेलेल्या पहिल्या गाजलेल्या पिकअपांपैकी एक, म्हणजे १९७० च्या दशकातील डीमार्झिओ कंपनीचा ‘सुपर डिस्टॉर्शन’, त्यात सिरॅमिक चुंबकच आहे.

भुणभुणीच्या बाबतीत सल्ल्यात अर्धे सत्य आहे. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी १९५५ मध्ये ज्या हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याची रचनाच अशी आहे की उलट दिशेच्या दोन कॉइल आणि उलट ध्रुव यांमुळे बाहेरून येणारी भुणभुण परस्परांत मिटते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे सिंगल कॉइलमध्ये उठणारी भुणभुण त्याने खरोखरच कमी होते. पण आपल्या भागात तेवढेच कारण क्वचित असते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, आणि त्यात पाणी ओतायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. मांडवात जनरेटर, दिव्यांच्या माळांचे अडॅप्टर आणि डिमर एकाच जोडणीवर असतात. अशा ठिकाणी पिकअप बदलून काय होणार?

कारण ओळखण्याची रीत साधी आहे. गिटारीचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही भुणभुण तशीच राहिली तर दोष केबलमध्ये, अ‍ॅम्पमध्ये किंवा विजेच्या जोडणीत आहे. व्हॉल्यूम चढवून तारांना हात लावावा. आवाज कमी झाला तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे आणि आतून तांब्याची पट्टी चिकटवून शील्डिंग केल्यास लाभ होईल, आणि काहीच फरक पडला नाही तर ती वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. उभे राहण्याची दिशा बदलल्यावर भुणभुण कमी-जास्त होत असेल, तरच हंबकरवर पैसे घालावेत. तारांना किंवा माइकला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर वाजवणे तत्काळ थांबवून वायरमनला बोलवावे.

सूर उतरण्याचा दोष चाव्यांवर ढकलणे हा सगळ्यांत महागडा गैरसमज म्हणावा लागेल. चावी फिरवताना ‘टक्’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या (दांड्याच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे; खाच नीट घासून घ्यावी, किंवा निदान पेन्सिलीचे शिसे तीत चोळावे. नव्या तारा हाताने ताणून बसवल्या नाहीत तर त्या उतरतातच. हवेचाही भाग आहे. मांडवातील दिव्यांखाली पोलादी तारा तापून सैल होतात, आणि घरी दुपारभर कूलरच्या ओल्या झोतात ठेवलेली गिटार रात्री कोरड्या मैदानात काढली की लाकूड हलते, नेकचा (दांड्याचा) बाक बदलतो. त्यावर उपाय ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या धातूच्या कांबीचा) आहे, चावीचा नाही. कूलरसमोर गिटार ठेवणे बंद केले तर तारांवरचा गंजही कमी होईल, हा त्यातला फुकटचा फायदा. लॉकिंग चाव्यांनी तार बदलणे झटपट होते आणि वेढे घसरत नाहीत, हे खरे. परंतु अडकलेली खाच त्यांच्यामुळे मोकळी होत नाही.

लाखाच्या गिटारीशी केलेल्या तुलनेत फ्रेटचा विचारच नाही. बोटांना जाणवणारा फरक बहुतेक वेळा समतल फ्रेट, नीट घासलेली त्यांची टोके आणि नेकची जोडणी यांतून येतो, आणि यांतले काहीही पिकअपच्या डबीतून येत नाही. संभाजीनगर किंवा पुण्याच्या जाणत्या कारागिराकडून फ्रेट आणि नट करून घेण्यावर पहिला खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पिकअप ऐन जोरात कुईं करून शिटी मारत असेल, ब्रिजचे सॅडल (तारांचे टेकू) गंजून झिजले असतील किंवा चावीचे दाते गेले असतील, तर तो भाग जरूर बदलावा.

राहिले ‘सगळे सगळ्यांना बसते’ हे विधान. चाव्यांसाठी हेडस्टॉकला पाडलेली भोके जुन्या धाटणीत साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, तर आधुनिक धाटणीत १० मिलिमीटरची असतात. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये टोकाच्या दोन स्क्रूंमधले अंतर जुन्या अमेरिकी मापात सुमारे ५६ मिलिमीटर भरते, अनेक आशियाई गिटारींत ते ५२.५ च्या जवळ असते. आणि पातळ बॉडीच्या गिटारीत पूर्ण मापाचा ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मागून बाहेर डोकावतो. म्हणून मागणी नोंदवण्याआधी पट्टी हातात घ्यावी. वायरचे रंगही कंपनीगणिक बदलतात : सेमूर डंकनच्या चार वायरींच्या हंबकरमध्ये सामान्यतः काळी वायर सिग्नलची असते, डीमार्झिओमध्ये लाल. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवताना हे उलटसुलट झाले तर दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज पोकळ आणि बारीक येतो, आणि दोष नव्या पिकअपला दिला जातो. जालना-बीडकडच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत डाग (सोल्डर) उत्तम देतात, पण कोणती वायर कुठे जायची हे आपणच कागदावर काढून न्यावे आणि जुन्या जोडणीचा फोटो काढल्याशिवाय एकही डाग सोडवू देऊ नये.